नाखवांची पाण्यातली पोरं

मी आयुष्यात चोरी केली नाही, कुणाचं घर मोडलं नाही. सासूला दोन-चारदा उलटून बोलले, पण ते कोण नाही बोललं? मात्र एका विमानभर माणसांची शेवटची खूण मी चिंच, राख आणि नारळाच्या शेंडीने घासून पुसून टाकलेली आहे. तीही दोन तास खपून, गाणं गुणगुणत, कुणीतरी कौतुक करील या आशेने.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. मॅट्रिक पास. नापास मुलींपेक्षा पास मुली जास्त नुकसान करतात, हे मला स्वतःकडे बघूनच कळलं. माझं माहेर रोह्याकडचं, भातशेतीवालं. आमच्याकडे सून कशी आहे ते तिच्या भांड्यांचे तळ बघून ठरवत. लग्न झालं आणि यजमानांची शाळामास्तर म्हणून श्रीवर्धनच्या बाजूला एका कोळीवाड्यात नेमणूक झाली. दामा नाखवांच्या घराच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. नाखवा म्हणजे होडीचा मालक. मालक म्हणायचं आपलं. होडीचं अर्धं लाकूड जुनं आणि अर्धं उसनं.

त्यांच्या पडवीत एका खिळ्याला परातीएवढा पत्रा टांगलेला होता. काळपट, एका कडेला फाटलेला, त्यावर कालवं चिकटून गेल्याच्या पांढऱ्या चकत्या, आणि कसलासा रंग. गौरी-गणपती चार दिवसांवर आलेले. नाखवा समुद्रावर, त्यांची बायको हौसामावशी मासळी घेऊन बोर्लीच्या बाजारात. मी म्हटलं, बघा आता रोह्याचा हात. पत्रा खाली काढला आणि बसले घासायला. रंगामध्ये एक इंग्रजी अक्षर आणि काही आकडे होते, ते मी पाहिलेसुद्धा. पाहिले, आणि ‘शी, काय चिवट डाग आहेत’ म्हणून आणखी मूठभर राख घेतली.

तो पत्रा महायुद्धात आमच्या समोरच्या पाण्यात पडलेल्या एका बॉम्बफेकी विमानाचा होता. त्या विमानाचं पुढे काय झालं हे जगात कुणाला माहीत नव्हतं. ते कुठे पडलंय हे एकट्या दामा नाखवांना ठाऊक होतं, आणि ते कुठलं, हे सांगणारी एकच गोष्ट उरली होती: तो नंबर. त्या माणसांच्या घरी एकदा कळवायचं, एवढी एकच इच्छा या माणसाने पंचवीस-तीस वर्षं उराशी धरली होती. आठ दिवसांपूर्वीच ते मला म्हणाले होते, “मास्तरीनबाय, येक पत्र लिवायचं हाय. पान्यात पडल्याल्या विमानाचं.” आणि मी शहाणी म्हणाले होते, “गणपती होऊ देत हो, मग निवांत लिहू.”

मी मास्तरीण नव्हते, मास्तरांची बायको होते. पण वाड्यातल्या बायकांची मुंबईला असलेल्या नवऱ्यांना जाणारी पत्रं मी लिहायचे, आलेली वाचून दाखवायचे, आणि त्यातलं काही बाहेर बोलायचे नाही. (हे माझं त्या वयातलं एकमेव बरं वागणं. नोंद असावी.) त्या भरवशावर नाखवांनी मला निवडलं होतं. त्याआधी एकदाच, फार वर्षांपूर्वी, ते पत्रा डोक्यावर घेऊन एका कचेरीत गेले होते. तिथला साहेब म्हणाला, पत्रा ठेवून जा, बघू. नाखवांनी पत्रा पुन्हा डोक्यावर घेतला आणि वीस मैल चालत घरी आले. पुन्हा कुणाला दाखवला नाही.

माणूस बुटका, रुंद, पन्नाशीचा. कमरेला रुमाल, डोक्यावर लाल टोपी, आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांवर केसांचे झुबके. बोलणं कमी. पण मोजणं अखंड. होडी सुटायच्या आधी प्रत्येक गड्याच्या डोक्याला हात लावून मोजायचे, परत आली की पुन्हा मोजायचे, शेवटी स्वतःच्या टोपीला हात लावून आकडा पुरा करायचे. समुद्रावर ठीक आहे. पण लग्नाच्या पंगतीतही तेच. भाच्याच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड जेवायला बसलं आणि हे एका टोकाकडून डोक्यांना हात लावत निघाले. मुलीकडचा माणूस डोकी मोजतोय, म्हणजे जेवण काढतोय की काय, म्हणून व्याही रुसून उठला. हौसामावशी पदर खोचून पुढे आली, “बसा हो, ते आशीर्वाद देतान! आमच्यात असाच देतान!” मग व्याही बसला, आणि पुन्हा त्याच्या डोक्याला हात लावून घेतला.

दुसरी सवय त्याहून विचित्र. मुंबईकडून दक्षिणेला जाणारं विमान आमच्यावरून जायचं, दिवसातून एखाद-दुसरं. ते ऐकू आलं की नाखवा हातातलं टाकून उभे राहायचे. दिसेनासं झालं तरी बसायचे नाहीत. आवाज पुरता जाईपर्यंत, अगदी शेवटची घरघर मिटेपर्यंत उभे. एकदा न्हावी दारात त्यांची दाढी करत होता. मिशी कोरता कोरता विमान आलं. नाखवा ताडकन उभे, अर्धी मिशी उतरली. न्हाव्याचा वस्तरा हवेत. विमान गेलं, आवाज गेला, हे बसले, तोवर न्हावी इतका घाबरला होता की त्याने उरलेली मिशीही साफ केली. आठ दिवस हौसामावशी त्यांना “पावनं” म्हणून हाक मारत होती. “पावनं, जेवाय बसा. आमचं घरवालं अजून आलं न्हाय.”

मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, “आवाज पुरता जाऊ द्यावा, बाय. त्या दिशी मधीच थांबला व्हता.”

पितृपक्षातल्या अमावास्येला कोळ्यांकडे पितरांची वाडी निघते, म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांसाठी जेवणाची पानं कौलावर कावळ्यांना ठेवतात. आदल्या वर्षी, आम्ही तिथे नवे असताना, नाखवांच्या घरची पानं निघाली तेव्हा मी शिडी धरून उभी होते. आईचं, बापाचं, चुलत्याचं अशी तीन छोटी पानं, आणि चौथं हे एवढं थोरलं केळीचं पान. त्यावर भाताची रास.

“हे कुणाचं?”

“पान्यातल्या पोरांचं.”

“एवढा भात?”

“किती जन व्हते ते ठावं न्हाय ना. कमी पडाया नको.”

भाताशेजारी पाव होते. नाखवा आदल्या दिवशी मुद्दाम बोर्ली पंचतनला जाऊन भट्टीवाल्याकडून घेऊन आले होते. गोऱ्यांच्या पोरांना आपला भात रुचेल न रुचेल. कावळा आला, भाताकडे त्याने बघितलंही नाही, पाव उचलून माडावर जाऊन बसला. हौसामावशी खालून ओरडली, “बघा, बघा! पसंत पडला!” आणि पदराने डोळे पुसले. मी विलक्षण हुशार असल्याने मास्तरांना घरात जाऊन म्हटलं, “अडाणी आहेत हो बिचारी.” मास्तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “तू काल मांजरीला वाढदिवसाचा शिरा केला होतास.”

कोळीवाड्यातल्या लोकांचा नाखवांवर राग होता, तो या पाव-भातामुळे नव्हे. पाण्याखाली असं काही मोठं पडलेलं असलं की त्याच्या आडोशाला मासळी धरते. घोळ, जिताडा, हलवा, सगळं तिथे. नाखवांना ती जागा नेमकी माहीत, आणि ते तिथे जाळं टाकत नसत. दुसऱ्या कुणाला सांगतही नसत. तरणे गडी त्यांच्या होडीच्या मागावर होड्या काढायचे. हे मग दिवसभर भलतीकडे फिरवून त्यांना रिकामं घरी आणायचे, स्वतःही रिकामे यायचे. घरात सुकट आणि भात. हौसामावशी ताट वाढताना म्हणायची, “यांच्या पोरांनी तिथं घोळ पाळल्यान. मोठ्या घरची पोरं ती. आपन खावा सुकट.”

एकदा माझ्यासमोर भाचा येऊन बसला. “मामा, येकदाच दाव. पोरीचं लगीन हाय.” नाखवा म्हणाले, “तुज्या पोरीचं लगीन मी करून देतो. पन त्यांच्या घरात जाळं न्हाय टाकनार.” आणि होडीचा नांगर विकून दिलं करून. ते लग्न म्हणजे तेच, ज्यात डोकी मोजली.

आता पुन्हा माझ्या पत्र्याकडे.

दुपारी नाखवा आले. मी पत्रा पुन्हा खिळ्याला लावून शेजारी कौतुकाची वाट बघत उभी; उन्हात तो असा तळपत होता की पडवीच्या वाशांवर त्याची तिरीप नाचत होती. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि थांबले. मग पत्रा खाली काढला, जवळ नेला. त्यात त्यांचं तोंड दिसत होतं. अंगठा त्यांनी एका जागेवरून फिरवला, डावीकडून उजवीकडे. पुन्हा एकदा फिरवला. आकडे वाचता येत नसत त्यांना, पण ते कुठे होते हे अंगठ्याला पाठ होतं.

हौसामावशी मागून आली, तिने बघितलं आणि डोक्यावरची मासळीची पाटी खाली टाकली. “अगो बाय माजे! नंबर व्हता त्याच्यावर!”

तेव्हा मला कळलं. कुठलं पत्र, कुठलं विमान, कुठले डाग. मी जोत्यावर बसले.

नाखवा माझ्याकडे वळले. “किती येळ घासत व्हतीस?”

“दोन तास,” मी रडत म्हणाले.

“दोन तास. हात भरून आलं आसतील.” आणि हौसामावशीला म्हणाले, “हिला गरम पानी दे.”

इतकंच. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आज विसरले असते.

संध्याकाळी मास्तरांना धरलं. तुम्हाला इंग्रजी येतं, रोज त्या पत्र्याखाली बसून चहा पिता, काय होता नंबर? मास्तरांनी डोळे मिटले. “पहिलं अक्षर एफ. किंवा ई. मग एक… नाही, सात. की एकच होता?” वर्षभर बघितलेल्या गोष्टीबद्दल एवढी माहिती. नवरा-बायको दोघं सुशिक्षित आणि दोघांत मिळून एक आकडा नाही.

गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नाखवा दारात येऊन बसले. म्हणाले, “नंबर न्हाय तर न्हाय. जागा तर हाय. लिव.” मी कागद घेतला आणि त्यांनी पहिल्यांदा सगळं सांगितलं.

ते अठरा-एकोणीस वर्षांचे, चुलत्याच्या शिडाच्या होडीवर गडी. पावसाळा नुकता संपलेला, भर दुपार, पण समुद्रावर धुरकट. विमान आलं ते इतकं खाली की शिडाला वारा लागला. एका बाजूचा पंखा थांबलेला. नाकाशी काचेची खोली होती, तिच्यात एक पोरगा, कानांवर वाट्या बांधलेला, वयाने यांच्याएवढाच. त्याने खाली बघितलं आणि काचेला आतून पंजा लावला. यांनी हात वर केला. विमान धुरकटीत गेलं आणि आवाज थांबला. होडी तिथे न्यायला अर्धा प्रहर लागला. पाण्यावर तेलाचा तवंग होता, बाकी काही नाही.

“मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत कुणाला?” मी विचारलं.

नाखवांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “चार दिसांनी लाँच आली. गोरा साहेब व्हता, आन त्याचं मराठीत सांगनारा येक आपला. वाड्यातल्या सगळ्या गड्यांना वळीत उभं केल्यानी. चुलता आदल्या राती बोलला व्हता, बगितलं म्हनालास तर होडी नेतील, खायाचं काय? साहेब माज्याफुडं आला. त्याचं डोळं लाल व्हतं. इचारलं, विमान बगितलंस का? मी म्हनलो, न्हाय.”

मी लिहायची थांबले.

“लिव ना,” ते म्हणाले. “तेच लिवायचं हाय. मी तवा न्हाय म्हनलो व्हतो. ते खोटं व्हतं.”

दोन वर्षांनी जाळ्यात तो पत्रा आला. तोवर युद्ध संपून लाँचही गेलेली.

समुद्रातली जागा कोळी किनाऱ्यावरच्या खुणांनी धरतात. एका बाजूला हरिहरेश्वरच्या डोंगराचं नाक अमुक इतकं दिसलं पाहिजे, दुसऱ्या बाजूला आमच्या देवळाचा कळस दोन माडांच्या बरोबर मध्ये आला पाहिजे. दोन्ही जुळलं की खाली ते. नाखवांना धास्ती होती ती माडांची. “डोंगर कुठं जातो? पन माड पडला तर? मी पडलो तर?” म्हणून त्यांनी ठरवलं, मास्तरांनी तिथून नकाशा काढायचा. आणि लिहिणारीने स्वतः बघायचं. बाईने होडीत पाय ठेवायचा नाही असा त्या वाड्याचा दंडक. हौसामावशीने तो एका वाक्यात मोडला: “ती कोळीन थोडी हाय? तिला देव वळखत न्हाय.”

गेलो. नाखवांनी मास्तरांच्या, माझ्या, दोन गड्यांच्या डोक्याला हात लावून मोजलं. डोंगराचं नाक सरकत सरकत आलं, कळस दोन माडांत येऊन बसला, आणि नाखवांनी इंजिन बंद केलं. टोपी काढली. गडी उठून उभे राहिले. पाणी सपाट, हिरवट. मास्तर कंपास घेऊन गुडघ्यावर कागद आखायला लागले. नाखवा पाण्याकडे बघून अगदी घरच्या आवाजात म्हणाले, “आलोय रं. मास्तरांना आनलंय.”

अशा वेळी मी काय केलं? मी काठावरून वाकले आणि भडाभडा ओकले. बरोबर त्यांच्या डोक्यावर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाखवांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. “व्हऊ दे, व्हऊ दे. त्यांच्यातल्याबी कुनाला सुरवातीला दर्या लागला आसल.”

मास्तरांनी विलायतेतल्या एका कचेरीचा पत्ता मिळवला. पत्र मी मराठीत लिहिलं, त्यांनी इंग्रजी केलं, सोबत नकाशा. “तवा न्हाय म्हनलो, ते खोटं व्हतं” हे वाक्य मास्तर गाळणार होते, मी गाळू दिलं नाही. माझ्या पदरात त्या सगळ्या प्रकरणातलं हे एवढंच जमेचं.

अलीकडे माझी नात तिच्या फोनवर शोधत बसते. युद्धाच्या वर्षांत अरबी समुद्रात बेपत्ता झालेल्या विमानांची यादी निघाली. प्रत्येकात पाच-सहा-आठ नावं, वयं वीस, बावीस, एकोणीस. ती विचारते, “आजी, यातलं कुठलं गं?” मला सांगता येत नाही. आकडे मी घासून टाकलेत. मागच्या मोठ्या वादळात ते दोन्ही माडही पडले. मास्तरांचा नकाशा तेवढा आहे, त्याची नक्कल तिने त्या याद्या ठेवणाऱ्यांना पाठवली. मी ती सगळी नावं रोज थोडी थोडी वाचते. यातली काही नाखवांची असणार.

आमच्या पत्राला उत्तर आलं सात महिन्यांनी, आणि ते आलं नेमकं आमची बदली आगरदांड्याला झाली त्या आठवड्यात. सामान बांधून ठेवलं होतं. चार ओळींचं पत्र. मास्तरांनी अर्थ सांगितला: कळवल्याबद्दल आभारी आहोत, जागेची नोंद केली आहे, नंबर नसल्याने विमान कुठलं ते सांगता येत नाही, त्यामुळे कोणाच्या घरी कळवता येत नाही. मास्तर म्हणाले, “जे आहे ते वाचून दाखव.”

मी पत्र घेऊन गेले. नाखवा जाळं शिवत होते, त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि धुतलेले हात पुन्हा धुऊन आले. समोर बसले, शाळेत बसल्यासारखे. मी कागद उघडला आणि मला ते चार ओळींचं वाचवेना. मी वाचत सुटले. की साहेबांना जागा सापडली. की विमान कुठलं ते त्यांनी शोधून काढलं. की सगळ्यांच्या घरी कळवलं. की त्यांच्या आया म्हाताऱ्या झाल्यात, पण आहेत, आणि त्यांनी दामा नाखवांना आशीर्वाद सांगितलाय. की तेव्हा न्हाय म्हणालात त्याचा कुणालाही राग नाही.

नाखवांनी मध्ये एकदाच विचारलं, “किती जन व्हते?”

“सहा,” मी म्हणाले. तोंडात आलं ते.

त्यांनी उजव्या हाताची पाच बोटं एकेक मिटली, मग डाव्या हाताचा अंगठा. तो तसाच धरून ठेवला. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटेच्या तरीने खाडी ओलांडून गेलो आणि त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. त्यामुळे ते मला दिसतात ते असे, सहा बोटं मिटून बसलेले. माझं वाचून संपलं. बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले, माझ्याकडे नाही. मग म्हणाले:

“बाय, तुजं बोट मगासपासनं येकाच वळीवर हाय. आसू दे. हौशेला हाक मारतो, तिच्यासमोर परत येकदा वाच. आन सहाच सांग, आता सात करू नको.”